होल्टर छातीला, संशय श्वासावर

पत्र : माझे बाबा ६१ वर्षांचे, कराडला असतात. बीपीच्या तीन गोळ्या चालू आहेत (टेल्मिसार्टन, ॲम्लोडिपिन, मेटोप्रोलॉल), तरी वरचं बीपी १५० च्या खाली यायला तयार नाही. रात्री तीन-चारदा लघवीला उठतात, त्यासाठी प्रोस्टेटची टॅम्सुलोसिन सुरू आहे. मधूनमधून धडधड होते म्हणून डॉक्टरांनी २४ तासांचा होल्टर (हृदयाचे ठोके दिवसरात्र नोंदणारं छोटं यंत्र) लावला. धडधडीचं विशेष काही निघालं नाही, पण रिपोर्टच्या तळाशी लिहिलंय : ‘रात्री १.३० ते ४.३० हृदयगतीत वारंवार चक्राकार चढउतार. स्लीप ॲप्नियाची तपासणी करावी.’ बाबा भडकलेत. म्हणतात, ‘पट्टे लावले हृदयाला आणि दुखणं निघालं झोपेत? ही सगळी कट प्रॅक्टिस.’ बाबा लठ्ठ नाहीत. घोरतात, पण आमच्या घरात सगळेच घोरतात. आई म्हणते, घोरता घोरता एकदम गप्प होतात आणि मग गचका देऊन पुन्हा सुरू. न्यू जर्सीच्या भावाने पाठवलेलं स्मार्टवॉच बाबा रोज घालून झोपतात, त्यात काही गडबड दाखवत नाही. मग विश्वास कशावर ठेवायचा? आणि घड्याळ असताना रात्रभर वायरी लावून घ्यायची गरज आहे का?
एक मुलगी, पुणे

उत्तर :

ताई, आधी कट प्रॅक्टिसचं बोलू, कारण तो किडा डोक्यातून गेल्याशिवाय बाबा पुढचं काही ऐकायचे नाहीत. त्यांचा संशय हवेतून आलेला नाही, आपल्याकडे तो बरेचदा खराही निघतो. पण ही ओळ त्यातली नाही. बहुतेक होल्टर रिपोर्ट ‘जास्तीचे ठोके किती, विराम किती, कमाल-किमान गती किती’ इथेच आटोपतात. तुमचा रिपोर्ट वाचणाऱ्याने रात्रीचे तास उलगडून पाहिले आणि जे दिसलं ते लिहिलं. एवढी मेहनत फार कमी जण घेतात. बाबांना सांगा, तपासणी डॉक्टरांनी सुचवलेल्या सेंटरवर नको असेल तर नको. सांगली, कोल्हापूर, पुणे, जिथे मनाला पटेल तिथे करा, पण करा.

आता त्यांचा खरा प्रश्न. स्लीप ॲप्निया म्हणजे झोपेत श्वास पुन्हा पुन्हा अडणं. मग हृदयाच्या आलेखात हे श्वासाचं दुखणं दिसतं कसं?

रात्री दोनच्या सुमाराचं एकच मिनिट घेऊ. बाबा उताणे झोपलेत. झोपेत घशाचे स्नायू सैलावतात, जीभ मागे सरते, टाळूचा मऊ भाग खाली येतो आणि हवेची वाट मिटते. छाती आणि पोट श्वास ओढायची धडपड करतच असतात, पण हवा आत जात नाही. घोरणं थांबतं, आणि घरच्यांना वाटतं, चला, शांत झोप लागली एकदाची. तिकडे रक्तातला ऑक्सिजन उतरू लागतो. व्हेगस नावाची नस हृदयाची गती कमी करते, ६० वरून ५२-५४ वर. दहा सेकंद जातात, वीस, कधी चाळीस. मग मेंदू काही क्षणांपुरता जागा होतो, इतका अर्धवट की सकाळी त्यातलं बाबांना काहीही आठवणार नाही. घसा उघडतो. आई म्हणतात तो गचका हाच. त्याच क्षणी व्हेगसचा जोर ओसरतो आणि शरीराला धावपळीसाठी सज्ज करणाऱ्या सिम्पथेटिक नसांचा वाढतो : गती झटक्यात ८५-९० वर, रक्तवाहिन्या आवळलेल्या, रक्तदाब उसळलेला. दोन-चार मोठे श्वास झाले की पुन्हा डोळा लागतो आणि पुन्हा वाट मिटते.

हे तास-दोन तास चाललं की गतीच्या आलेखावर करवतीचे दात उमटतात, साधारण मिनिटाला एक, कधी दोन. होल्टर केलेल्या ठिकाणी मागितलं तर रात्रीच्या गतीचा सविस्तर आलेख छापून देतात. दुपारी चारचा तास आणि रात्री तीनचा तास बाबांसमोर शेजारी शेजारी ठेवा. दुपारची गती कामाप्रमाणे कशीही वरखाली झालेली असेल. रात्रीची मात्र अंथरुणात पडून, काही न करता, ठरावीक अंतराने वर जाते आणि खाली येते. हे माणूस मुद्दाम करू शकत नाही आणि डॉक्टरला रिपोर्टात घुसवताही येत नाही. माझ्या अनुभवात पंधरा मिनिटांच्या व्याख्यानापेक्षा हे दोन कागद जास्त काम करतात.

ही युक्ती नवीही नाही. अमेरिकेत स्टॅनफर्डला क्रिस्तियान गिलमिनो यांनी १९८४ साली ‘लॅन्सेट’मध्ये हा चढउतार मांडला आणि साधा २४ तासांचा ईसीजी चाळणीसाठी वापरता येईल असं सुचवलं. पुढे संगणकवाले या कामाला भिडले. त्यांनी आणखी एक गोष्ट उचलली : श्वास घेताना छाती फुगते, हृदयाची बैठक किंचित बदलते, त्यामुळे ईसीजीतल्या उंच टोकाची उंची श्वासागणिक थोडी कमी-जास्त होते. म्हणजे एकाच तारेतून हृदयाची गती मिळते आणि श्वासाची अंधूक सावलीही. सन २००० मध्ये जर्मनीतल्या मारबुर्ग विद्यापीठाच्या थॉमस पेन्झेल यांनी दिलेल्या ७० रात्रींच्या ईसीजीवर जगभरच्या गटांची स्पर्धा झाली. निम्म्या रात्रींची उत्तरं आधी दिलेली, उरलेल्यांची प्रत्येकाने आपली शोधायची. या मिनिटाला श्वास अडला की नाही, हे सांगण्यात सर्वोत्तम गट ९२ टक्क्यांच्या आसपास पोचले, आणि ‘या माणसाला आजार आहे की नाही’ यात काहींना पैकीच्या पैकी गुण मिळाले.

हे आकडे कंपन्या फार आवडीने सांगतात. त्यातली मेख अशी की आजारी की निरोगी, या फेरीत काठावरचे लोक गुणांकनात धरलेलेच नव्हते. एका बाजूला ठळक आजारी, दुसऱ्या बाजूला ठणठणीत. आमच्या ओपीडीत येणारे निम्मे तर काठावरचेच असतात.

हृदयाची ही खूण कुठे फसते, ते जरा थांबून बघू, कारण तुमच्या बाबांचा त्याच्याशी थेट संबंध आहे. ते मेटोप्रोलॉल घेतात. ही गोळी हृदयाची उसळी दाबते, म्हणजे करवतीचे दात बोथट करते. गोळी असूनही चढउतार वाचणाऱ्याच्या डोळ्यांत भरला, म्हणून मी तो अधिक मनावर घेईन. दीर्घकाळच्या मधुमेहाने नसा बधिर झालेल्यांत आणि बऱ्याच वयस्कर माणसांत हा नमुना पुसट होतो. पेसमेकर असेल किंवा एट्रियल फिब्रिलेशन (ठोके कायम अनियमित पडणं) असेल, तर गतीचा हिशेबच बिघडतो. उलटही घडतं : झोपेत वीस-चाळीस सेकंदांनी पाय झटकण्याची सवय असते काहींना. प्रत्येक झटक्याला गती उडी मारते आणि आलेख हुबेहूब तसाच दिसतो, श्वास मात्र ठाकठीक असतो. म्हणून रिपोर्टात ‘ॲप्निया आहे’ असं लिहिलेलं नाही, ‘तपासणी करावी’ लिहिलंय. लिहिणाऱ्याला आपली हद्द ठाऊक आहे.

हृदयाचा आलेख आणखी एक गोष्ट नक्की सांगत नाही, ती म्हणजे श्वास का अडला. घसा मिटल्यामुळे अडला, की मेंदूने श्वासाचा आदेशच दिला नाही? दुसरा प्रकार हार्ट फेल्युअरच्या, म्हणजे हृदयाचा पंप कमजोर झालेल्या रुग्णांत बराच आढळतो. तिथे श्वास हळूहळू वाढतो, हळूहळू मावळतो, थांबतो, पुन्हा वाढतो. दोन्हींचे उपचार वेगळे. २०१५ साली ‘सर्व्ह-एचएफ’ या मोठ्या चाचणीत दिसलं की हृदयाची पंपिंग शक्ती ४५ टक्के किंवा त्याहून कमी आणि प्रामुख्याने हा दुसरा प्रकार असलेल्या रुग्णांना एका विशिष्ट प्रकारच्या श्वासयंत्राने फायदा झाला नाहीच, उलट हृदयविकाराने होणारे मृत्यू वाढले. तेव्हा बाबांचा २डी इको (हृदयाची सोनोग्राफी) झाला नसेल तर तो आधी करून घ्या, आणि नुसत्या होल्टरच्या भरवशावर कुणी मशीन गळ्यात मारत असेल तर घेऊ नका.

आता लघवीचं. पत्रात तुम्ही ते ओघात लिहिलंत, पण मला ते होल्टरइतकंच बोलकं वाटतं. बंद घशाविरुद्ध श्वास ओढताना छातीच्या पोकळीत दाब खूप खाली जातो, हृदयाचा वरचा कप्पा ताणला जातो. ‘अंगात पाणी जास्त झालंय’ असा त्याचा गैरसमज होतो आणि तो पाणी बाहेर टाकणारं संप्रेरक सोडतो. मूत्रपिंड बिचारं हुकूम पाळतं. ६१ व्या वर्षी प्रोस्टेट वाढलेलं असणं अगदी शक्य आहे, पण दिवसा फारसा त्रास नाही आणि रात्री मात्र प्रत्येक वेळी भरपूर लघवी होते असं असेल, तर सगळा दोष प्रोस्टेटच्या माथी मारू नका. तीन गोळ्यांना न जुमानणारं बीपी, रात्रीच्या फेऱ्या, मध्येच थांबणारं घोरणं आणि हा आलेख, ही चारही टोकं एकाच गाठीला जाऊन मिळतात. शिवाय ‘लठ्ठ नाहीत’ म्हणजे सुटले असं नाही. लहान किंवा मागे असलेला जबडा, अरुंद घसा, जाड मान असलेल्या सडपातळ माणसांतही हे आढळतं.

आणि ‘घरात सगळेच घोरतात’ याला मी दिलासा मानणार नाही. मुंबईत हिंदुजा हॉस्पिटलच्या डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वयाच्या शहरी पुरुषांची पाहणी करून २००४ साली निष्कर्ष छापले. झोपेत श्वासाची गडबड १९.५ टक्क्यांत, आणि दिवसा पेंग येण्यासह पूर्ण विकसित आजार ७.५ टक्क्यांत निघाला. ही माणसं आजारी म्हणून आलेली नव्हती.

घड्याळाकडे येते. कोणत्या कंपनीचं ते तुम्ही लिहिलं नाहीत, म्हणून दोन मोठ्यांचं सांगते. दोघांनाही २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषधं-उपकरणं तपासणाऱ्या सरकारी संस्थेची मान्यता मिळाली, आणि गंमत म्हणजे दोघांपैकी कुणीही मुख्यतः हृदयाच्या ठोक्यांवर विसंबत नाही. ॲपलचं घड्याळ मनगटाची बारीक हालचाल मोजतं आणि साधारण ३० दिवसांच्या नोंदींवरून सूचना देतं. सॅमसंगचं रक्तातल्या ऑक्सिजनवर चालतं, आणि त्याला दहा दिवसांत दोन रात्री, प्रत्येकी चार तासांपेक्षा जास्त झोप हवी. ही सोय सगळ्या मॉडेलांत नसते, आणि असली तरी ॲपमध्ये जाऊन सुरू करावी लागते. बाबांच्या घड्याळात ती सुरू तरी आहे का, हे भावाला व्हिडिओ कॉलवर तपासायला सांगा. ‘काही गडबड दाखवत नाही’ याचा अर्थ बरेचदा ‘कुणी बघतच नाहीये’ असा निघतो.

सुरू असेल तरीही एक लक्षात घ्या. ही घड्याळं खोटी घंटा वाजू नये अशा बेताने बांधलेली आहेत. त्यामुळे ती ‘आहे’ म्हणाली तर लगेच डॉक्टर गाठावा. गप्प बसली तर मात्र त्यातून काही सिद्ध होत नाही. ॲपलच्या स्वतःच्याच अभ्यासात मध्यम ते तीव्र आजार असलेल्यांपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश लोक सूचनेतून निसटले होते. तेव्हा होल्टर आणि घड्याळ यांत भांडण लावायचंच झालं, तर मी होल्टरच्या बाजूची. बाजारातल्या दोन-तीन हजारांच्या घड्याळांतला ऑक्सिजनचा आकडा तर मी रुग्णांच्या फायलीत लिहूनही घेत नाही.

मग वायरी लागणारच का? रात्रभर डोक्यापासून पायापर्यंत तारा लावून दवाखान्यात करतात ती पूर्ण स्लीप स्टडी. प्रत्येकाला तिची गरज नसते. लक्षणं ठळक आहेत, इको चांगला आला, फुप्फुसाचा मोठा आजार नाही, पूर्वी पक्षाघात झालेला नाही, अशा माणसाला घरी करायची छोटी तपासणी चालते : नाकाशी हवेची नळी, छाती-पोटाला पट्टा, बोटाला ऑक्सिमीटर. यंत्र संध्याकाळी घेऊन यायचं, सकाळी परत द्यायचं. बाबांसाठी मी इथूनच सुरुवात करेन.

घरी करायचा आणखी एक प्रकार आहे, तो तुमच्या विषयाला अगदी लागून आहे. मनगटावर यंत्र आणि बोटाला टोपी. श्वास अडून मेंदू जागा झाला की बोटातल्या बारीक धमन्या आवळतात, नाडीची लाट लहान होते. ते, हृदयाची गती आणि ऑक्सिजन यांवरून हिशेब मांडतात. इस्रायलमध्ये विकसित झालेलं हे तंत्र आहे, ‘वॉचपॅट’ नावाने आपल्याकडेही मिळतं. तारा कमी, झोप बरी लागते, लोकांना आवडतं. पण बाबांसाठी मी ते निवडणार नाही, कारण टॅम्सुलोसिन अल्फा ब्लॉकर गटातली गोळी आहे आणि धमन्यांच्या आवळण्यावरच या गटाचा परिणाम होतो. यंत्राच्या सूचनांतही अल्फा ब्लॉकर घेणाऱ्यांना ते वापरू नये असं म्हटलंय. सेंटरवाल्यांनी हेच पुढे केलं तर गोळीचं नाव त्यांना सांगा. आणि तपासणीसाठी म्हणून कुठलीही गोळी आपल्या मनाने बंद करू नका, विशेषतः मेटोप्रोलॉल. ती एकदम सोडणं धोक्याचं असतं.

रिपोर्टमध्ये एएचआय नावाचा आकडा येईल. तासाला किती वेळा श्वास थांबला किंवा बराच उथळ झाला, तो हा हिशेब. ५ च्या खाली सामान्य, १५ पर्यंत सौम्य, ३० पर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र. घरच्या तपासणीत माणूस किती तास झोपला हे यंत्राला नेमकं कळत नाही. ते यंत्र चालू होतं त्या सगळ्या तासांनी भागतं, म्हणून जागरण झालं असेल तर आकडा खोटा कमी येतो. बाबांचा आकडा कमी आला आणि त्या रात्री ते धड झोपले नसतील, तर ‘बघा, मी म्हणत नव्हतो?’ हे ऐकून घेऊ नका, तपासणी पुन्हा करा. तरीही शंका उरली, तर मात्र वायरी.

आजार निघालाच, तर मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारं सीपॅप हे मुख्य औषध. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी ते १९८१ मध्ये मांडलं. त्याबद्दल थोडं स्पष्ट बोलते, कारण विक्रेते ‘हार्ट ॲटॅक टळेल’ म्हणून मशीन खपवतात. २०१६ मध्ये छापून आलेल्या ‘सेव्ह’ या चाचणीत आधीच हृदयविकार किंवा पक्षाघात झालेल्या रुग्णांना सीपॅप दिलं, आणि पुढचे झटके कमी झाल्याचं दिसलं नाही. रुग्णांनी ते रात्री सरासरी ३.३ तासच वापरलं, हेही खरं. दिवसाची पेंग, घोरणं आणि मनःस्थिती यांत मात्र फरक पडला. बीपी सरासरीने दोन-तीन अंकच उतरतं, पण गोळ्यांना न बधणाऱ्यांत थोडं जास्त उतरण्याची आशा असते. बाबांना हार्ट ॲटॅकची भीती घालून मशीन लावायला लावू नका. सकाळी जड डोक्याने उठणं, पेपर वाचता वाचता डुलकी, रात्रीच्या फेऱ्या, यांतलं काय कमी झालं तर त्यांना आवडेल ते विचारा आणि तेवढंच कबूल करा.

तपासणीची तारीख मिळेपर्यंत कुशीवर झोपणं, रात्री दारू असल्यास बंद, झोपेची गोळी कुणी दिली असल्यास डॉक्टरांना विचारून बंद. कराड-पुणे हायवेवर बाबा स्वतः गाडी चालवत असतील तर तूर्त ते थांबवा. सिग्नलला, एसटी स्टँडवर, टीव्हीसमोर बसल्या बसल्या डोळा लागत असेल तर दुचाकीसुद्धा नको. मध्येच मोतीबिंदू, हर्निया वगैरे ऑपरेशन ठरलं तर भुलीच्या डॉक्टरांना ही शंका आधी सांगा.

आणि आईंना एक काम द्या. पहाटे तीन-साडेतीनला जाग आली की पांघरूण छातीच्या खाली सरकवून मोबाइलवर दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ घ्यायचा, चेहरा, छाती आणि पोट एका चौकटीत येईल असा, खोलीतला मंद दिवा चालू ठेवून. घोरणं थांबल्यावर पोट वर आणि छाती आत, मग उलट, अशी ओढाताण दिसली तर घसाच मिटतोय यावर डॉक्टरांचा विश्वास बसायला वेळ लागत नाही. छाती आणि पोट दोन्ही निपचित असतील तर तेही सांगायला हवं, कारण मग घरची छोटी तपासणी सोडून थेट पूर्ण स्लीप स्टडीकडे जावं लागेल. होल्टरचा रात्रीचा आलेख, गोळ्यांची यादी, इको आणि हा व्हिडिओ घेऊन छातीविकार तज्ज्ञ किंवा झोपविकारांचं काम करणाऱ्या कान-नाक-घसा तज्ज्ञाला भेटा. आईंना सोबत न्यायला विसरू नका. बाबा ‘मला काही होत नाही’ एवढंच सांगतील, आणि झोपेतल्या माणसाला खरोखर तेवढंच माहीत असतं.